करंड्यातले कुंकू आणि कपाळावरचा डाग

चेहऱ्यावर पुरळ न उठता, खाज न सुटता, हळूहळू गडद होत जाणारा डाग हा वैद्यकाच्या इतिहासात नेहमीच अडचणीचा विषय राहिला आहे, कारण रंगाखेरीज त्याला दुसरे लक्षण नसते आणि तो नेमका केव्हा सुरू झाला हे खुद्द रुग्णालाही सांगता येत नाही. महाराष्ट्रातील स्त्रियांच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, कुंकवाच्या किंवा टिकलीच्या जागी पडणाऱ्या काळ्या वा पांढऱ्या डागाचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे. जेथे डाग पडत होता तेथेच त्याचे कारण रोज सकाळी बोटाने लावले जात होते, आणि तरीही ते कारण म्हणून ओळखले जाण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. चेहऱ्याचा रंग बदलतो तो शरीराच्या आतल्या बिघाडामुळेच, ही वैद्याची आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची समजूत या उशिरामागे होती, हे खरे. परंतु करंड्यातले कुंकूच मधल्या काळात मुळापासून बदलले होते आणि त्याची दखल कोणी घेतली नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

आयुर्वेदाने अशा डागांची नोंद फार लवकर आणि बारकाईने केली होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील तेराव्या अध्यायात ४४ क्षुद्ररोग, म्हणजे शरीराला फारसा धोका नसलेले किरकोळ विकार, सांगितले आहेत आणि त्यांत व्यंग, न्यच्छ व तिलकालक हे रंगबदलाचे विकार वेगवेगळे नोंदवले आहेत. यांपैकी व्यंग म्हणजे मुखावर येणारे, न दुखणारे, पातळ आणि सावळ्या रंगाचे मंडल. क्रोध आणि अतिश्रम यांनी प्रकुपित झालेला वायू पित्ताशी मिळून मुखाकडे येतो आणि हे मंडल उत्पन्न करतो, अशी त्याची कारणमीमांसा दिली आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात क्रोधाच्या जोडीला शोकही कारण म्हणून येतो. उपचारांत कपाळावरील शिरेचा वेध करून रक्त काढणे, मंजिष्ठा मधात कालवून लावणे, मसुराचे पीठ दुधातुपात कालवून त्याचा लेप देणे, वडाच्या कोवळ्या अंकुरांचा लेप देणे असे अनेक प्रयोग सांगितले आहेत. अष्टांगहृदयातले कुंकुमादी तैलही याच वर्गातले असून त्यातील कुंकुम म्हणजे केशर होय, हळदीचे कुंकू नव्हे. त्वचेवर काय लावावे याची इतकी समृद्ध चर्चा करणाऱ्या या ग्रंथांत, त्वचेवर जे लावले त्यामुळेच व्यंग होऊ शकते हा विचार मात्र कारणांच्या यादीत आढळत नाही. रोगाची मुळे दोषांच्या प्रकोपात शोधणाऱ्या शास्त्राकडून याहून वेगळी अपेक्षा करणेही न्याय्य ठरणार नाही. शिवाय त्या काळातील लेपद्रव्ये बहुतेक वनस्पतिजन्य होती आणि आजच्या अर्थाने रासायनिक रंग तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

मराठी घरांत या विकाराला वांग म्हणतात आणि त्याची कारणमीमांसाही ग्रंथांतल्या मीमांसेला जवळची आहे. अंगातली उष्णता, पित्त, बाळंतपणानंतर आलेला अशक्तपणा, उन्हातली कामे ही कारणे सांगितली जातात आणि सहाणेवर दुधात उगाळलेले जायफळ, रक्तचंदन, मसुराच्या डाळीचे पीठ, साय किंवा लिंबाचा रस हे उपाय केले जातात. यातील ऊन आणि बाळंतपण या दोन गोष्टी आधुनिक त्वचाविज्ञानानेही मान्य केल्या आहेत. गालांवर आणि वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना सारखा पसरणारा वांग, ज्याला मेलास्मा असे वैद्यकीय नाव आहे, तो सूर्यप्रकाश, स्त्रीसंप्रेरके आणि आनुवंशिकता यांच्याशी निगडित आहे आणि त्याचा कुंकवाशी संबंध नाही. परंतु घरगुती निदानात कपाळावरच्या गोल डागालाही वांगच म्हटले गेले, त्यालाही तेच लेप लावले गेले, आणि लेप धुऊन झाल्यावर त्याच जागी पुन्हा कुंकू लावले गेले. लिंबाचा उपाय तर उलटण्याचीच भीती अधिक होती, कारण लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील काही द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागले की त्वचा भाजल्यासारखी होऊन पुढे कित्येक आठवडे काळी राहते.

कुंकवाची जुनी घडण समजून घेतल्याशिवाय पुढचा बदल ध्यानात येत नाही. पारंपरिक कुंकू हे हळदीचेच रूपांतर होय. हळकुंडाचे तुकडे टाकणखार आणि लिंबाचा रस यांच्या मिश्रणात काही दिवस भिजत घालतात, ते आतपर्यंत लाल झाले की सावलीत वाळवतात, कुटून वस्त्रगाळ करतात आणि भुकटी कपाळाला नीट धरावी म्हणून तिला किंचित तेलाचा किंवा तुपाचा हात देतात. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन या द्रव्याचा असतो. चुन्यासारख्या क्षाराने तो तात्पुरता लाल होतो, हे हळदीचा डाग साबणाने धुताना कोणत्याही गृहिणीच्या नजरेस येते. पण तो लाल टिकत नाही, आंबट पदार्थ लागताच पुन्हा पिवळा पडतो. टाकणखारात बोरॉन हे मूलद्रव्य असते, लिंबाच्या आम्लामुळे त्याचे बोरिक आम्ल होते आणि ते कर्क्युमिनशी जोडले जाऊन जे लाल संयुग तयार होते ते बरेच टिकाऊ असते. प्रयोगशाळेत हळदीच्या कागदाने बोरिक आम्ल ओळखण्याची परीक्षा याच क्रियेवर आधारलेली आहे. कुंकू करणाऱ्या कारागिरांनी ही क्रिया रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी हस्तगत केली होती आणि चुना वापरण्याची सोपी वाट सोडून टाकणखार व लिंबू यांची लांबची वाट त्यांनी का धरली, याचे उत्तर या टिकाऊपणात आहे.

महाराष्ट्रात कुंकवाचा व्यापार तीर्थक्षेत्रांच्या आधाराने वाढला. पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर येथील देवळांभोवतीच्या दुकानांत कुंकवाच्या आणि बुक्क्याच्या राशी आजही शंकूसारख्या रचून ठेवलेल्या दिसतात, आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले केम हे गाव तर कुंकवाच्या उत्पादनासाठीच ओळखले जाते. घरात हे कुंकू करंड्यात राहत असे. करंड्याशेजारी मेणाची डबी असे आणि ही दोन्ही फणेरी पेटीत, म्हणजे फणी, आरसा आणि शृंगाराचे साहित्य ठेवण्याच्या लाकडी पेटीत, जागा धरून असत. आधी बोटाने कपाळावर मेणाचा गोल उमटवायचा आणि त्यावर कुंकू दाबून बसवायचे, ही रीत अनेक पिढ्या चालली. आडवी चिरी, चंद्रकोर, वाटोळे ठसठशीत कुंकू किंवा देवीच्या उपासकांचा कपाळभर मळवट अशी त्याची रूपे जातीप्रमाणे, प्रदेशाप्रमाणे आणि प्रसंगाप्रमाणे बदलत; परंतु सवाष्णीचे कपाळ मोकळे राहू नये हा दंडक सर्वत्र सारखा होता. चैत्रगौर, संक्रांत, मंगळागौर अशा निमित्तांनी एकमेकींना कुंकू लावण्याचा आचार होता आणि पतिनिधनानंतर ते पुसण्याचा क्रूर विधीही होता. यामुळे त्वचेवर काही परिणाम दिसू लागला तरी कुंकू चार महिने सोडून पाहावे, हा साधा प्रयोग करण्याची मुभा विवाहित स्त्रीला नव्हती. ज्या वस्तूचा वापर थांबवताच येत नाही तिचा दोष उघडकीस येणे कठीण असते, आणि कुंकवाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

हळदीच्या कुंकवाने त्वचेला कधीच त्रास झाला नसेल असे म्हणता येत नाही. हळदीची अ‍ॅलर्जी असणारी माणसे असतात आणि हळदीकुंकवामुळे उठलेल्या इसबाच्या वैद्यकीय नोंदी आहेत. तथापि काळ्या डागांच्या प्रश्नाला खरे वळण मिळाले ते कृत्रिम रंगांमुळे. विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनज्ञाने १८५६ साली दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग तयार केला, दोनच वर्षांनी पीटर ग्रीस याने अ‍ॅझो रंगांचा पाया असलेली रासायनिक क्रिया शोधली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन कारखान्यांतून लाल, नारिंगी आणि शेंदरी रंगांचे डबे जगभर जाऊ लागले. अ‍ॅझो रंग म्हणजे नायट्रोजनच्या दोन अणूंच्या दुव्याने जोडलेले बेंझीनसारख्या वलयांचे संयुग. ते स्वस्त असतात, झगझगीत असतात आणि चिमूटभर रंगात मणभर भुकटी रंगते. शंखजिरे, खडूची भुकटी किंवा धान्याचे सत्त्व यांना असा रंग दिला की काही तासांत कुंकवासारखी भुकटी तयार होते. तिला हळकुंड नको, लिंबू नको आणि वाळवणाचे दिवसही नकोत. पुढे बाटलीतले पातळ गंध आले, त्यात रंगाच्या जोडीला डिंक, सुवास आणि टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्येही आली. घेणाऱ्याला यातले काहीच कळण्याचा मार्ग नव्हता. उलट नवे कुंकू अधिक लाल, अधिक मऊ आणि अधिक स्वस्त असल्यामुळे ते चांगलेच वाटले.

या बदलाचा उलगडा होण्याची सुरुवात भारतात झाली नाही, तर पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्नात झाली, आणि तीही चुकीच्या दिशेने. तेथील त्वचारोग चिकित्सालयाचे प्रमुख गुस्ताव्ह रील यांनी १९१७ साली एका चमत्कारिक विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले, ज्यात कपाळ, कानशिले, गाल आणि मान यांवर करडी-तपकिरी छटा हळूहळू पसरत जाई. त्यांच्या तर्कानुसार याचे मूळ युद्धकाळातील निकृष्ट अन्नात असावे. टंचाईमुळे पावाच्या पिठात नाना प्रकारची भेसळ होत असलेल्या त्या शहरात हा तर्क स्वाभाविक होता. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, जर्मनीत हॉफमन आणि हाबरमन यांनी डांबर व खनिज तेले यांच्याशी संबंध येणाऱ्या लोकांच्या त्वचेवर जवळजवळ असाच काळेपणा नोंदवला आणि त्याचे कारण बाहेरून लागणाऱ्या द्रव्यात शोधले. त्याहीपूर्वी, १९१६ साली, एमानुएल फ्रॉइंड यांनी कोलनवॉटर लावून उन्हात गेलेल्या लोकांच्या मानेवरील काळे ओघळ त्यातील बर्गमॉट तेलाशी जोडले होते. म्हणजे धागे समोर होते. तरीही रील यांचे नाव त्या विकाराला चिकटले आणि रील मेलॅनोसिस या नावाखाली तो पुढची कित्येक दशके अज्ञात कारणाचा रोग म्हणून पाठ्यपुस्तकांत राहिला. महायुद्धातली उपासमार हे कारण इतके मोठे आणि इतके शोकात्म होते की त्याच्यापुढे पावडरच्या डबीचा विचार क्षुल्लक वाटला असावा.

पुढचा दुवा कोपनहेगनमध्ये सापडला. १९७० साली डेन्मार्कचे ओस्मुंडसेन यांनी कपडे अधिक पांढरे दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत घातल्या जाणाऱ्या एका द्रव्यामुळे अंगावर उमटलेल्या गडद डागांची हकिकत प्रसिद्ध केली आणि पिगमेंटेड कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे स्पर्शाने होणारा रंजक त्वचादाह, ही संज्ञा रूढ केली. या विकाराची यंत्रणा ध्यानात घेतली की त्याचे लपून राहणे आश्चर्याचे वाटत नाही. नेहमीच्या स्पर्शजन्य अ‍ॅलर्जीत त्वचा लाल होते, पाण्याचे फोड येतात, खाज असह्य होते आणि माणूस ते द्रव्य आपोआप टाळतो. परंतु द्रव्य अल्प प्रमाणात, रोज, वर्षानुवर्षे लागत राहिले तर दाह धगधगता न राहता धुमसता राहतो. बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पेशी थोड्या थोड्या नष्ट होतात आणि त्यांच्यातील मेलॅनिन हे काळे रंजकद्रव्य खालच्या थरात, म्हणजे अंतस्त्वचेत, गळते. तेथे ते भक्षक पेशी उचलतात आणि साठवून ठेवतात. वरच्या थरातला रंग त्वचेच्या नव्या पेशी येतील तसतसा झडून जातो, पण खाली उतरलेला रंग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे हटत नाही. खोलवरच्या काळ्या रंगातून परतणारा प्रकाश विखुरला जात असल्याने असा डाग तपकिरी न दिसता करडा किंवा निळसर दिसतो. जायफळाचा लेप असो की दुकानातले मलम, वरवर लावलेला उपाय येथे का चालत नाही, याचेही उत्तर यातच आहे.

जपानमध्ये हा प्रश्न सर्वाधिक तीव्र झाला आणि तेथेच तो सुटला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी स्त्रियांच्या चेहऱ्यावर करडा-तपकिरी काळेपणा पसरल्याच्या नोंदी वाढत गेल्या आणि त्या विकाराला स्त्रियांचे मुखमेलॅनोसिस असे नावही मिळाले. रोग स्त्रियांचाच आहे हे नावात आले, पण स्त्रिया चेहऱ्याला जे लावतात ते पुरुष लावत नाहीत, हा सरळ धागा तेव्हा धरला गेला नाही. काही स्त्रियांचे चेहरे इतके काळवंडत की त्या तो झाकण्यासाठी अधिक जाड थर लावीत आणि त्यामुळे विकार आणखी बळावे. १९७०च्या दशकात हिदेओ नाकायामा, सुगाई, कोझुका इत्यादी संशोधकांनी सौंदर्यप्रसाधनांतील एकेक घटक वेगळा काढून त्याची पट्टी-चाचणी, म्हणजे पॅच टेस्ट, घेतली. संशयित द्रव्य पाठीवर पट्टीखाली ४८ तास ठेवून नंतर त्वचेची प्रतिक्रिया पाहण्याची ही पद्धत योसेफ याडासोन यांनी १८९५ साली मांडली होती. म्हणजे साधन रील यांच्या काळातही उपलब्ध होते. जपानी संशोधकांना जास्मिन, इलांग-इलांग, कनांगा यांसारखी सुगंधी तेले दोषी आढळली आणि डांबरजन्य रंगांपैकी ब्रिलियंट लेक रेड आर हा लाल रंग विशेष दोषी आढळला. अधिक शोध घेतल्यावर असे दिसले की या लाल रंगात अशुद्धता म्हणून सुदान-१ नावाचे अ‍ॅझो द्रव्य उतरलेले असते आणि अ‍ॅलर्जीचे मोठे कारण तेच आहे. सुदान-१ तेलात आणि मेणात सहज विरघळते. मेण, तेले आणि पॉलिश रंगवण्यासाठीच ते बनवले जात असे.

नाकायामा यांनी उपचारही त्याच तर्काने केला. रुग्णाला मलम देण्याऐवजी त्यांनी दोषी घटक वगळलेला साबण आणि दोषी घटक वगळलेली प्रसाधने दिली, आणि चेहरे काही महिन्यांनी उजळू लागून दीर्घकाळाने पूर्ववत झाले. १९७७ साली ओसाका येथे पीडित स्त्रियांनी प्रसाधन उत्पादकांवर दावा लावला, तो पुढे तडजोडीने मिटला. १९७८च्या सुमारास मोठ्या उत्पादकांनी अशी द्रव्ये वापरणे थांबवले आणि १९८०पासून जपानी शासनाने अ‍ॅलर्जी व तत्सम त्रास देऊ शकणाऱ्या शंभराहून अधिक घटकांची नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. त्यानंतर तेथे हा विकार झपाट्याने कमी झाला. साठ वर्षे कारण न सापडलेला रोग औषधाविना, केवळ घटक बदलल्याने ओसरला, याहून स्पष्ट पुरावा वैद्यकाला क्वचितच मिळतो.

कुंकवाचा प्रश्न या जपानी संशोधनाशी थेट जोडला गेला तो सिंगापूरमध्ये. तेथील त्वचारोगतज्ज्ञ गोह यांनी वर उल्लेखिलेल्या कोझुका यांच्यासह १९८६ साली, कपाळावर कुंकू लावणाऱ्या भारतीय वंशाच्या स्त्रियांतील काळ्या डागांचे निदान प्रसिद्ध केले आणि ते रंजक त्वचादाहाचेच उदाहरण असल्याचे दाखवले. कुंकवाच्या तपासात सुदान-१, ब्रिलियंट लेक रेड आर, अमिनोअ‍ॅझोबेंझीन आणि कनांगा तेल ही मंडळी पुन्हा भेटली. ओसाकाच्या पावडरच्या डबीत आणि भारतीय करंड्यात एकाच कुळातले रंग होते. त्यानंतर भारतातील, विशेषतः दक्षिण भारतातील, त्वचारोग विभागांनी कुंकवाच्या चाचण्या घेतल्या आणि रंग, सुवास, डिंक, टिकाऊपणाची द्रव्ये, क्वचित हळद असे निरनिराळे दोषी घटक नोंदवले. मेणाचा गोल या ठिकाणी वेगळ्याच अर्थाने महत्त्वाचा ठरतो, कारण तेलामेणात विरघळणारा रंग दिवसभर घामाच्या जागी, उन्हात, त्वचेला चिकटवून ठेवण्याची ती उत्तम सोय होती.

कपाळावरचा प्रत्येक काळेपणा मात्र कुंकवाचा नसतो, आणि महाराष्ट्रात याचे एक मोठे उदाहरण याच काळात घडत होते. १९५०च्या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम नोंदवले गेलेले गाजरगवत पुढे माळराने, रेल्वेमार्ग आणि बांध व्यापून बसले, आणि त्याच्या सुकलेल्या भुकटीतील पार्थेनिन या द्रव्यामुळे वाऱ्यावाटे चेहऱ्यावर इसब उठू लागले. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस या साथीकडे लक्ष वेधले. येथे रुग्ण बहुधा शेतात वा उघड्यावर काम करणारे पुरुष होते. त्यांच्या पापण्या, कानामागचा भाग आणि मान येथली कातडी जाड व काळपट होई आणि वर्षातला काही काळ ओसरून पुन्हा उसळे. रुग्ण पुरुष असल्यामुळे असेल किंवा खाज तीव्र असल्यामुळे असेल, पण या वेळी कारण रक्तात वा पित्तात न शोधता बांधावर शोधले गेले आणि ते तुलनेने लवकर सापडले.

कुंकवाची जागा चिकटवायच्या टिकलीने घेतल्यावर डागाचा रंगच पालटला. टिकलीमुळे मेण, भुकटी, घामाने ओघळणे हे सारे टळले आणि शहरी, नोकरी करणाऱ्या स्त्रियांना ती सोयीची वाटली. पण काही स्त्रियांच्या कपाळावर टिकलीच्या मापाचा पांढरा डाग उमटू लागला. काळ्या डागाला वांग म्हणून सोडून देणारा समाज पांढऱ्या डागाला कोड म्हणतो, आणि कोड म्हटले की लग्ने मोडणे, मुलींची स्थळे परत जाणे इथवर गोष्ट जाते. त्यामुळे हा डाग अधिक निष्ठुर होता. अलाहाबादचे डॉ. ए. के. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली टिकलीच्या चिकट थरात मोकळ्या स्वरूपातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल हे द्रव्य आढळल्याचे आणि डागाचे कारण तेच असल्याचे प्रसिद्ध केले. या द्रव्याची रचना टायरोसिनसारखी असते. टायरोसिन हा मेलॅनिन तयार होण्याचा कच्चा माल आहे. रंजकपेशी या सारख्या दिसणाऱ्या द्रव्याला आत घेतात, त्याच्यावर तीच प्रक्रिया करू लागतात आणि त्यातून निर्माण होणाऱ्या विषारी घटकांनी स्वतःच मरतात.

ही घटनाही जगाला अगदी नवी नव्हती. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एका चामडे कमावण्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे पट्टे उमटले होते, आणि रबर टिकावे म्हणून त्यात घातलेल्या हायड्रोक्विनोनच्या एका संयुगाला त्याबद्दल दोषी ठरवण्यात आले होते. त्या शोधाचा पुढचा उपयोग मात्र विपरीत झाला: कामगारांना इजा करणारे तेच द्रव्य चेहऱ्यावरचे काळे डाग घालवण्याचे मलम म्हणून विकले गेले आणि काही रुग्णांच्या चेहऱ्यावर काळ्याच्या जागी कायमचे पांढरे शिंतोडे राहिले. ज्या जपानने काळ्या डागाचा प्रश्न सोडवला होता तेथेही २०१३ साली हेच घडले. त्वचा उजळवण्यासाठी २००८पासून विकल्या जाणाऱ्या रोडोडेन्ड्रॉल या घटकामुळे १९,००० हून अधिक लोकांच्या त्वचेवर पांढरे डाग पडल्याचे निष्पन्न झाले आणि उत्पादने परत मागवावी लागली. नंतरच्या स्वतंत्र चौकशीत असे दिसले की २०११ साली आलेली तक्रार ग्राहकाचा आजार म्हणून बाजूला ठेवली गेली होती.

भारतात सौंदर्यप्रसाधनांवर कायद्याचे नियंत्रण आहे. १९४०च्या औषधविषयक कायद्यात १९६२च्या दुरुस्तीने प्रसाधनांचा समावेश झाला, आणि शिसे किंवा आर्सेनिक यांची संयुगे रंगासाठी वापरण्यास नियमांनी बंदी आहे. उत्तर भारतातील सिंदुराच्या बाबतीत या बंदीला फार महत्त्व आहे, कारण तेथे भांगात शिशाचे ऑक्साइड भरले जाण्याचा धोका खरा आहे. महाराष्ट्रात शेंदूर मुख्यतः मारुतीच्या आणि गणपतीच्या मूर्तींना लागतो. परंतु विषाला रोखणारा नियम अ‍ॅलर्जीला रोखू शकत नाही. विष सर्वांनाच बाधते आणि त्याची मर्यादा ठरवता येते. अ‍ॅलर्जी करणारे द्रव्य मात्र बहुसंख्यांना निर्धोक असते आणि ज्या थोड्यांना बाधते त्यांना अत्यल्प मात्रेतही बाधते, म्हणून तेथे खरा उपयोग वेष्टनावर छापलेल्या घटकांच्या नावांचाच होतो. बंद डबीवर हे शक्य आहे. जत्रेत राशीतून मापाने, कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या कुंकवाला वेष्टनच नसते.

त्वचारोग चिकित्सालयांत म्हणून रुग्णाला तिचा स्वतःचा करंडा, गंधाची बाटली किंवा टिकल्यांचे पाकीटच घेऊन येण्यास सांगतात आणि प्रमाणित द्रव्यांच्या मालिकेबरोबर त्या कुंकवाचीही पट्टी पाठीवर लावतात. निष्कर्ष ४८ तासांनी आणि पुन्हा काही दिवसांनी वाचला जातो, कारण रंजक त्वचादाहात प्रतिक्रिया बहुधा मंद असते आणि कधी ती लाली न येता नुसत्या काळेपणाच्या रूपाने उशिरा प्रकट होते. चाचणी होकारार्थी आली तर ते कुंकू बंद करणे हाच मुख्य उपचार ठरतो. मात्र खोल उतरलेला रंग निघण्यास महिने ते वर्षे लागतात आणि तेवढा काळ काहीच फरक नाही असे वाटून रुग्ण पुन्हा लेप व मलमांकडे वळण्याची शक्यता असते. सुट्या कुंकवाच्या बाबतीत चाचणीची आणखी एक मर्यादा आहे: पाठीवर तपासलेली चिमूट ज्या राशीतली होती ती रास पुढच्या जत्रेपर्यंत संपलेली असते, आणि त्याच दुकानातल्या, तशाच रंगाच्या नव्या राशीत कोणता रंग मिसळला आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतेच असे नाही.